डी ड्राइव्ह आणि खालचा डंका

ये गं मनू, अशी जवळ बस. बसली आहेस असं समजूनच लिहिते, कारण तू काही येत नाहीस. करी रोडच्या त्या टॉवरमध्ये एवढ्या उंचावर राहतेस, स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहुण्यांना बोट करून दाखवतेस की ती बघा आमच्या आत्याची चाळ, आणि स्वतः मात्र गणपतीतला एक दिवस सोडला तर इकडे फिरकत नाहीस. परवा फोन केलास तोही रडत. म्हणे कॉम्प्युटरमधली दुसरी डिस्क टकटक करतेय, मधेच दिसते, मधेच गायब होते, आणि लग्नाचे सगळे फोटो तिच्यावर. मी विचारलं, कॉम्प्युटर ठेवलायस कुठे? तर म्हणालीस, आत्या, त्याचा काय संबंध? तिथेच तू माझ्या बाबांची नात शोभलीस. संबंध असतो बाई. त्या संबंधापायी आमच्या घरात काय रामायण झालं ते तुला कोणी सांगितलं नाही, कारण तुझा बाप तेव्हा गावी काकांकडे होता आणि त्याला अजूनही वाटतं की मी तिखटमीठ लावते. तिखट तर होतंच त्यात. तेव्हा वाच, आणि वाचून होईपर्यंत ती डिस्क बंद कर, चालू कर, बंद कर, चालू कर, असले खेळ करू नकोस. गप ठेव तिला.

आमची खोली पहिल्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाची. तीच, जिथे मी आज बसले आहे. गिरण्यांच्या संपाआधी तिथे आईची खानावळ चालायची. भोंगा झाला की ताटं मांडायची, ताटं उचलली की पुढचा भोंगा. उकड्या तांदळाचा भात, तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, वाटीभर सोलकढी. बाबा साचेखात्यात, म्हणजे जिथे कापड विणायचे साचे एकाला एक लागून चालतात तिथे. त्या आवाजात माणसाला स्वतःचा खोकला ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचत आणि हातांच्या खुणांनी बोलत. धागा तुटला, साचा थांबव, मुकादम आला, चहा मागव, सगळं हातांनी. घरी आले की बाबा दोनच तऱ्हांनी बोलत. एक तर खालच्या रस्त्यावरच्या केळीवाल्याने वर बघावं इतक्या मोठ्याने, नाहीतर नुसते हात हलवून. आई दोन्हींवर वैतागे. "ह्या काय नाचवतास माझ्यासमोर? तोंडान सांगा. माका तुमची मिलातली भाषा कळत नाय." आईचं हे वाक्य मी लहानपणी इतकं ऐकलं की शाळेत बाईंनी कुठलंही एक वाक्य लिही म्हटल्यावर मी तेच लिहिलं होतं.

मग संप झाला. भोंगे थांबले, जेवणारे गडी ट्रंका घेऊन गावी गेले, आणि त्यांतले निम्मे परत आलेच नाहीत. बाबा गॅलरीत स्टुलावर बसायला लागले. आधी वाट बघत बसले, मग नुसतेच बसले. त्यांना नाटकाचा भारी नाद. मिलच्या कामगारांच्या नाटकांत ते दरवर्षी असायचे, आणि दरवर्षी इन्स्पेक्टरच असायचे, शेवटच्या प्रवेशात येऊन सगळ्यांना पकडून नेणारे. इन्स्पेक्टरची मिशी आमच्या देवाच्या फळीवर डबीत असायची, आई रोज तिच्याभोवतीची धूळ पुसायची आणि रोज तिला नावं ठेवायची. संपानंतर ती डबी कोणी उघडली नाही. आईबाबांमधलं बोलणंही तसंच डबीत गेलं. भांडण नव्हतं गं. जेवायला या, मीठ द्या, कोणी आलंय बघा, इतकंच. त्यांना ओरडायला मिलचा आवाज उरला नव्हता आणि हळू बोलायची सवय नव्हती.

खानावळ बसली तशी आईने मसाल्याचं काम धरलं. उन्हाळा आला की गिरणगावातल्या बायका वर्षाचा मसाला करतात. मिरच्या वाळवायच्या, देठ काढायचे, धने, बडीशेप, दगडफूल, सगळं वेगवेगळं भाजायचं आणि डंक्यावर कुटून आणायचं. ज्यांना भाजणं जमत नाही किंवा धूर सोसत नाही, त्या आईकडे द्यायच्या. आणि डंका म्हणशील तर आमच्याच चाळीत, बरोब्बर आमच्या खोलीच्या खाली. सदूभाऊंचा. लोखंडी मुसळं वर जायची आणि खाली उखळात आदळायची, सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत, चैत्र-वैशाखभर. चाळीतली पोरं त्याच तालावर झोपायची. कोणी पाहुणा आला आणि म्हणाला की बाप रे, हा आवाज कसला, तर आम्ही एकमेकांकडे बघून विचारायचो, कुठला आवाज? खरंच विचारायचो.

मी तोवर दादरला एका क्लासमध्ये कॉम्प्युटरवर मराठी टायपिंग शिकले होते आणि गिरगावातल्या एका छापखान्याची कामं घरी आणायला लागले होते. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, बारशाची आमंत्रणं. खानावळीचं लांब बाकडं रिकामंच होतं, त्यावर कॉम्प्युटर बसला. तो जुळवून दिला डॉमनिकने. डॉमनिक माहीमचा, तिथल्या जुन्या ख्रिस्ती घरातला, दिवसा एका ऑफिसातली यंत्रं सांभाळायचा आणि संध्याकाळी लोकांची. आमच्यासारखंच मराठी बोलायचा, फक्त जरा जास्त पळवत. घरातली पहिली डिस्क भरली तेव्हा त्याने कुठूनशी जुनी दुसरी आणून बसवली आणि मला मंत्र दिला, "बाय, सी ड्राइव्ह म्हणजे इंजिन, डी म्हणजे गोदाम. माल गोदामात ठेवायचा. इंजिनात माल भरायचा नाय." मी सगळं स्वतःचं स्वतः शिकलेली, मला कोणी एक नियम दिला की मी तो देवासारखा पाळायचे. माझं सगळं काम डीवर.

आणि त्या वर्षी मिलमधल्या जुन्या कामगारांच्या मंडळाने ठरवलं की कामगार दिनाला नाटक करायचं. संपानंतरचं पहिलं. जुनी साचेखात्यातली जी काही माणसं अजून आसपास होती ती एका संध्याकाळी आमच्या गॅलरीत आली आणि बाबांना म्हणाली, "वसंता, या वेळी लिही पण तूच." बाबांनी आधी नाही म्हटलं, मग कोण कुठल्या भूमिकेला शोभेल ते सांगितलं, मग रात्रभर कूस बदलत राहिले, आणि सकाळी माझ्या शेजारी येऊन बसले. "शुभा, लिही." मनू, मी सांगते तुला, बाबा एवढे बोलत असतील हे मी विसरले होते. चाळीस ओळी सांगायचे, उठून करून दाखवायचे, बायकी आवाज काढायचे, मधेच स्वतःच्याच विनोदाला इतके हसायचे की मला टायपिंग थांबवून पाणी द्यावं लागायचं. फाल्गुनात सुरू केलेलं नाटक चैत्रात संपलं. आई मिरच्यांचे देठ काढत पलीकडे बसायची आणि अधूनमधून माझ्याकडे बघून म्हणायची, "नाटकान पोट भरता काय?" पण उठून जायची नाही. हसायचीही नाही.

घरात प्रिंटर नव्हता. फ्लॉपी भरायची आणि गिरगावला छापखान्यात न्यायची, अशी आमची रीत. मसाल्याचा मोसम सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात फ्लॉपीचा कप्पा मिरचीची पूड खाऊन मेला. डॉमनिक म्हणाला, नवा आणतो, जरा थांब. म्हणजे आमचं नाटक, बाबांच्या तोंडातून निघालेलं, कागदावर कुठेच नसलेलं, एकट्या त्या डीवर. आणि डीला नेमकं त्याच सुमारास काहीतरी व्हायला लागलं.

काम करता करता आतून टक असा आवाज यायचा, मग घर्रर्र करून काहीतरी फिरायला लागायचं, आणि पडद्यावरून डी नाहीसा. सी जागेवर, डी नाही. बंद करून पुन्हा चालू केलं की कधी यायचा, कधी नाही. आता मला सांग, ज्या घरात सगळी मशीनवर आयुष्य घालवलेली माणसं, तिथे सल्ल्यांना काय तोटा? समोरचे तात्या म्हणाले, बेअरिंग गेलं. बाबा म्हणाले, ताण जास्त झालाय, जरा विसावा द्या. त्यांनी मशीन तेलाची कुपी शोधून काढली, ती मी हातातून काढून घेतली. आई म्हणाली, "नजर लागली," आणि कॉम्प्युटरवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. त्यातली एक मोहरी कीबोर्डात गेली आणि ज अक्षर महिनाभर दोनदा दाबावं लागलं.

डॉमनिक ऑफिस सुटल्यावर आला. कॅबिनेट उघडलं आणि त्याला शिंका सुरू झाल्या. "बाय, कॉम्प्युटर हाय का मिरचीचं पोतं?" ब्रशने सगळं झाडलं, डिस्क चालू केली, तपासणी लावली, तासभर बसला. डिस्क पाहुण्यांसमोर दाखवायला बसवलेल्या मुलीसारखी शहाणी. एक टक नाही. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास पुन्हा टक, घर्रर्र, गायब. तो पुन्हा संध्याकाळी आला, डिस्कची चपटी वायर बदलली, मागची बारीक पिन इकडची तिकडे लावली, वाट बघितली. डिस्क शहाणी. तिसऱ्या वेळी आला तेव्हा आईने त्याच्यासमोर चहा ठेवला आणि स्वयंपाकघरात येऊन मला विचारलं, "ह्यो येता कित्याक? काम तर काय करताना दिसत नाय. नुस्तो बसता, बघता आणि चाय पिता."

"आई, त्याला दोन मुलं आहेत."

"मग तेंका घेऊन येऊक सांग. माका काय, आणखी दोन कप."

त्या तिसऱ्या वेळी डॉमनिकने बाबांपुढे हात जोडले. "अंकल, मला ही डिस्क घरी न्यायला द्या. माझ्या मशीनला लावून दोन दिवस बघतो. तिथं पण नाटकं केली तर डिस्क खराब. नाय केली तर तुमच्या इथं काहीतरी लफडं हाय."

खरं तर तेव्हाच सगळं उलगडलं असतं. पण बाबा उठून दारात उभे राहिले, अगदी इन्स्पेक्टरसारखे. "नाटक या खोलीबाहेर जाणार नाही."

कारण काय, तर वरळी. आमच्या मंडळाची आणि वरळीच्या चाळीतल्या एका मंडळाची नाटकांत जुनी चुरस. कधीतरी त्यांनी आमच्या नाटकाचा शेवट उचलून आमच्या आधी लावला होता म्हणे. तेव्हापासून नियम असा की प्रयोग होईपर्यंत वही दुसऱ्याच्या घरी जायची नाही, तालीम दार लावून. बाबांच्या दृष्टीने डिस्क म्हणजे वहीच. आणि डॉमनिकची सासुरवाडी नेमकी वरळीला.

"अंकल, माझा सासरा मासे पकडतो. त्याला तुमच्या नाटकाशी काय घेणं?"

"माशाला पण आधी असंच वाटतं," बाबा म्हणाले.

डॉमनिक जाता जाता मला म्हणाला, "मग निदान सीवर एक कॉपी कर. सीवरचे पत्त्यांचे खेळ काढ, जागा होईल." तो पत्त्यांचा खेळ म्हणजे बाबांचा दुपारचा विरंगुळा. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी हातानेच सांगितलं, उद्या. त्या उद्याला डी जो गेला तो आलाच नाही. दिवसभर प्रयत्न केले. टक, घर्रर्र, आणि पडद्यावर नुसता सी. बाबा माझ्यामागे उभे होते. मी म्हटलं, "बाबा, पुन्हा सांगाल? मी भराभर लिहीन." ते म्हणाले, "विणलेलं उसवून परत तेच कापड होत नाही गं." आणि जाऊन गॅलरीतल्या स्टुलावर बसले. तसंच, संपानंतर बसायचे तसं. आईने भाजत असलेल्या मिरच्यांची कढई खाली उतरवली, त्यांच्याकडे एकदा बघितलं, आणि कढई पुन्हा चढवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती काहीतरी चुकल्यासारखं वाटून. बाबाही उठून बसले होते. "काय झालं?" शेजारच्या काकू दारात आल्या, म्हणाल्या, छातीत कसंतरीच होतंय. तात्या गॅलरीत येऊन इकडेतिकडे बघत होते. सगळी चाळ अशी बावरलेली, आणि कोणाला कळेना का. शेवटी खालून सदूभाऊंचा गडी ओरडला की डंक्याचा पट्टा तुटलाय, आज कूट नाही. मी आपली सहज मशीन चालू केली. डी आला. दिवसभर राहिला, हात लावला तर पुन्हा जाईल या भीतीने मी नुसती बघत बसले. आईच्या पाट्या भाजून तयार आणि डंका बंद, त्यामुळे ती चिडलेली. म्हणाली, "डंको बंद आणि ह्येंचो पेटारो चालू. नशीब बघ कसा."

मी तिच्याकडे बघतच राहिले. मग कॉम्प्युटरशेजारी ठेवलेल्या पाण्याच्या पेल्याकडे बघितलं. रोज त्या पेल्यातल्या पाण्यावर बारीक गोल लाटा असायच्या. मला वाटायचं पाणी असंच असतं. संध्याकाळी पट्टा जोडून सदूभाऊंनी डंका जरासा चालवून बघितला, आणि पेल्यात लाटा आल्या. मी कॅबिनेटचं झाकण काढलं होतं. आत दुसऱ्या डिस्कच्या मागची विजेची वायर लाटांबरोबर थरथरत होती. टक. घर्रर्र. डी गेला.

खाली जाऊन टेलिफोनच्या बूथवरून डॉमनिकला फोन लावला. "तुला आमचा डंका माहितीये ना?"

"कुठला डंका?"

बिचारा नेहमी संध्याकाळी यायचा. त्याने डंका कधी ऐकलाच नव्हता. आणि आम्ही ऐकायचंच सोडलं होतं. ज्याला ऐकू आलं असतं तो दिवसा नव्हता, आणि जे दिवसभर होते त्यांचे कान साच्यांनी आणि मुसळांनी केव्हाच घट्ट केलेले. सांगितल्यावर त्याने डंका कुठे, केव्हापासून केव्हापर्यंत चालतो ते विचारून घेतलं. मग म्हणाला, "बाय, त्या डिस्कला मी एका बाजूनेच स्क्रू लावलेत. दुसऱ्या बाजूची भोकं जुळत नव्हती. विजेचा प्लग पण ढिला असणार. धक्का बसला की तिची लाईट जाते, परत येते. झोपलेल्या माणसाला दिवसभर कोणी उठवलं, पाडलं, उठवलं, तर तो काय शहाणा राहणार? आतून पण थोडी खराब झाली असेल आता." त्याच्या मावसबहिणीचं वसईला लग्न, तो तीन-चार दिवस यायचा नव्हता, आणि तालमींना तर आठवडासुद्धा उरला नव्हता. त्याने सांगितलं ते मी हातावर लिहून घेतलं. रात्रभर थंड होऊ दे. सकाळी डंका सुरू व्हायच्या आधी प्लग घट्ट दाब, खाली जाड कापड घाल, एकदाच चालू कर. आली तर आधी नाटक उचल आणि सीवर टाक. मधे बंद करू नको, परत येईल याचा भरोसा नाय. "आणि ते होईपर्यंत तुमचा डंका बंद पाहिजे. काय पण करून."

काय पण करून. ऐन मोसमात. आदल्या दिवशीची अडलेली गिऱ्हाईकं, त्यावर त्या दिवसाची. मिरच्या भाजून ठेवलेल्या असतात मनू, त्या दमट हवेत तासाभरात सादळतात, मग कुटल्या जात नाहीत, रंग उतरतो. कुठली बाई थांबेल, आणि का म्हणून? मी वर येऊन बाबांना हे सांगितलं. आई चुलीपाशी होती. तिने मान वर केली नाही. बाबांनी स्वतःहून पत्त्यांचा खेळ काढून टाकायला सांगितला. तेवढं मोठं दान मी त्यांना पुन्हा देताना बघितलं नाही.

सकाळी उजाडता उजाडता मी प्लग दाबला, आईची एक जुनी नऊवारी घडी करून डिस्कखाली घातली, कळ दाबली. आली. नाटक शोधलं, उचललं, सीवर टाकलं. पडद्यावरची पट्टी सरकायला लागली, आणि थोडी सरकून थांबली. मग कण्हत पुढे. मग पुन्हा थांबली. आठ वाजत आले. आईने डोक्यावर मिरच्यांची पाटी घेतली आणि ती जिना उतरून गेली. तिचा नंबर पहिला होता. मला रडू आलं. म्हटलं, हिला एवढंसुद्धा थांबता आलं नाही.

आठ वाजून गेले. डंका सुरू झाला नाही. आणखी वेळ गेला. खालून बायकांचा कलकलाट ऐकू यायला लागला म्हणून मी गॅलरीत जाऊन वाकून बघितलं. आई डंक्याच्या पायरीवर मांडी घालून बसली होती. पाटी मांडीवर. एकेक मिरची उचलत होती, उजेडाकडे धरून बघत होती, नसलेला देठ काढत होती, आणि ठेवत होती.

"वहिनी, होऊ द्या की," सदूभाऊ म्हणाले.

"देठ रवलो तर पोटाक बाधता."

"अहो, काल रात्रीच काढलेत ना सगळे?"

"रात्री माका दिसत नाय."

मागून एक बाई म्हणाली, "मावशी, तुमचं होईपर्यंत आमचं घेऊ दे की." आईने मान न वळवता सांगितलं, "नंबर कोणाचो? माझो. डंक्यार नंबर म्हणजे नंबर. गेल्या वर्षी तू माका एक किलोसाठी ताटकळत ठेवलंस, तेवा मी काय बोललंय?" डंक्याचा नियमच तसा, पहिल्या नंबरचा माल उखळात पडल्याशिवाय मुसळ उठत नाही. सदूभाऊ कपाळाला हात लावून बसले. बायका बडबडत होत्या, कोणी हसत होत्या, एकीने तर जमिनीवर बसून आईच्या पाटीतल्या मिरच्या निवडायला मदत करायला घेतली, तिला आईने हातावर चापट मारली.

बाबा माझ्याशेजारी येऊन कठड्याला टेकले. आईने वर बघितलं. बाबांनी एक हात आडवा धरला आणि दुसऱ्या हाताने त्यावर मधोमध रेघ ओढली. ही साचेखात्यातली खूण, अर्धं झालं. आईने पदर सावरल्यासारखं करून दोन बोटं हनुवटीला लावली. मला ती खूण ठाऊक नव्हती. बाबा वळून मला म्हणाले, "ती विचारतेय, धागा तुटला का?" मी पडद्याकडे धावले. पट्टी तिसऱ्या प्रवेशाच्या फाइलपाशी अडली होती, मी तिथूनच ओरडून सांगितलं. बाबांनी दोन बोटांनी काहीतरी कातरल्यासारखं केलं, म्हणजे तुटला. आईने मान हलवली आणि पुढची मिरची उचलली. मग असंच चाललं. बाबा वरून हात हलवताहेत, आई खालून. सबंध गल्लीत मोसमाचा गोंधळ, आणि ती दोघं एवढं बोलत होती, मनू, की गेल्या कित्येक वर्षांत बोलली नसतील. शेवटी पट्टी पार पोचली. बाबांनी उघडा पंजा हवेत फिरवला, साचा चालू करा. आई उठली, पाटी उखळात पालथी केली आणि सदूभाऊंना म्हणाली, "काय बघतास? करा सुरू. बायका खोळंबल्यात."

वर आल्यावर मी विचारलं, "तुला ती भाषा कळते?"

"न कळूक काय झाला?" ती घाम पुसत म्हणाली. "खानावळीच्या आधी डबो घेऊन मिलाच्या गेटार उभी रवत होतंय. तुझो बापूस खिडकेतून इचारी, आज काय हा डब्यात. मी सांगी. तेवा लगीन नवीन होता."

"मग इतकी वर्षं कळत नाही का म्हणालीस?"

"सगळा कळता असा सांगितला तर घोव डोक्यार बसता," आई म्हणाली, आणि चहा टाकायला गेली.

नाटक वाचलं, पण पूर्ण नाही. तिसऱ्या प्रवेशाच्या दोन पानांवर अक्षरांच्या जागी डिस्कने नुसते चौकोन उमटवले होते. चौकोनांखालचं वाक्य ना वाक्य गेलं. डॉमनिक वसईहून आला, नवा फ्लॉपीचा कप्पा बसवला, डिस्कला दोन्ही बाजूंनी पट्ट्या मारल्या, खाली रबर घातलं, आणि चौकोन बघून म्हणाला, "हे मेलं, अंकल. हे आता येशूसुद्धा उठवणार नाय." बाबांनी ते पुन्हा सांगायला नकार दिला. म्हणाले, बघू.

कामगार दिनाला प्रयोग झाला. आई पहिल्या रांगेत, नवी साडी, चेहरा इन्स्पेक्टरपेक्षा कडक. तिसरा प्रवेश आला तसे स्टेजवरच्या सगळ्यांनी बोलायचं थांबवलं. बाबा आणि त्यांचे ते जुने साचेवाले नुसत्या हातांनी बोलायला लागले. तरुण पोरं एकमेकांकडे बघायला लागली की माईक गेला की काय. पण हॉलमध्ये निम्मी माणसं साचेखात्यातली. आधी एक खोकला आला, मग एक हसू, मग सगळा हॉल असा हसला की शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी उभं राहून खुणांनीच उत्तरं दिली. आणि शेवटी बाबा अगदी पुढे आले, प्रेक्षकांकडे बघून त्यांनी हातांनी एक लांबलचक काहीतरी सांगितलं. त्या वेळी कोणीच हसलं नाही, कारण कोणालाच कळलं नाही. हसली फक्त आई. पदर तोंडात धरून, खांदे हलेपर्यंत. काय म्हणाले ते, मी दोघांनाही विचारलं, कितीदा तरी. बाबा म्हणायचे, डिस्कला विचार. आई म्हणायची, "तुका काय करूचा हा?" आता विचारायला दोघंही नाहीत.

त्या वर्षीचा आईचा मसाला सादळलेल्या मिरच्यांचा झाला. रंग विटकरी, कूट जाड. वर्षभर जो तो म्हणे, यंदा तुमच्याकडे ती चव नाही. बाबा तेवढे दर जेवणाला बोटं चाटायचे आणि हाताने खूण करायचे, आणखी. आईही हातानेच सांगायची, पुरे. डॉमनिकला तिने एक डबा भरून दिला, वरळीच्या सासऱ्यासाठी.

तर मनू, तुझ्या टॉवरमध्ये डंका नसेल, पण बघ एकदा. कॉम्प्युटर कपडे धुवायच्या मशीनला टेकवून ठेवला असशील, मी तुला ओळखते. किंवा वरच्या मजल्यावर कोणीतरी भिंती फोडत असेल आणि तुम्हाला आता ते ऐकूच येत नसेल. स्क्रू बघ, प्लग दाबून बघ, आणि मग पुन्हा चालू न करता डिस्क काढून पिशवीत घाल, साडीत गुंडाळून. साडी नसेल तर ओढणीत. डॉमनिक म्हातारा झालाय, पण अजून माहीमलाच आहे आणि अजून शिंकतो. मी त्याला बोलावून ठेवते, दिवसा बोलावते या वेळी. तू फक्त ये. रविवारी ये, किंवा कुठल्याही दिवशी सकाळी, सदूभाऊंचा मुलगा डंका आठला चालू करतो. यंदाच्या मिरच्या वाळत घातल्यात, त्यात तुझ्या घरच्याही धरल्यात. पहिला नंबर माझाच आहे. तू पोचेपर्यंत मी पायरीवर देठ काढत बसते.